कवडशाचे कूळ

शालेय विज्ञानाच्या पुस्तकात ज्याला 'सूचिछिद्र प्रतिमाग्राहक' म्हणतात आणि छायाचित्रणाचे विद्यार्थी ज्याला सरळ पिनहोल कॅमेरा म्हणून ओळखतात, तो एक अंधारा डबा असतो. त्याच्या एका बाजूला सुईच्या टोकाएवढे छिद्र आणि समोरच्या बाजूला प्रकाशसंवेदी कागद किंवा फिल्म एवढाच त्याचा सरंजाम. भिंग नसल्यामुळे तो कॅमेऱ्याचा आदिम अवतार समजला जातो, परंतु हा समज अर्धाच खरा आहे. छिद्रातून प्रतिमा उमटते हे ज्ञान दोन हजार वर्षांहून जुने असले, तरी छिद्राने छायाचित्र टिपण्याचा प्रघात भिंगाच्या कॅमेऱ्यानंतरचा आहे.

या ज्ञानाचे मूळ कवडशात आहे. कौलारू घरात कौलांच्या फटीतून उन्हाचा जो ठिपका जमिनीवर पडतो, तो फट कितीही वेडीवाकडी असली तरी वाटोळाच असतो, आणि हे वाटोळेपण फार पूर्वीपासून विचारवंतांना कोड्यात टाकत आले. अ‍ॅरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या 'प्रॉब्लेमाटा' या ग्रंथात, विणलेल्या जाळीच्या चौकोनी भोकांतून आलेले ऊन गोल का दिसते आणि ग्रहणकाळी तेच कोरीसारखे का होते, असे प्रश्न नोंदलेले आहेत. समाधानकारक उत्तर मात्र तेथे नाही. चीनमधील मोहवादी पंथाच्या इसवी सनापूर्वीच्या ग्रंथात छिद्रामागे प्रतिमा उलटी पडते याची नोंद आहे. प्रकाश सरळ रेषेत जातो, त्यामुळे वस्तूच्या माथ्याकडून आलेला किरण छिद्रातून खाली उतरतो आणि पायथ्याकडून आलेला वर चढतो, हे त्या उलटेपणाचे कारण. हंपीच्या विरूपाक्ष मंदिरात गोपुराची उलटी छाया भिंतीवर पडते, तीही याच नियमाने.

कवडशाचे कोडे बऱ्याच अंशी उलगडले ते बसऱ्यात जन्मलेल्या आणि पुढे कैरोत राहिलेल्या इब्न अल्-हैथम याने, अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात. अनेक दिवे ओळीने ठेवून त्यांचा प्रकाश एकाच छिद्रातून अंधाऱ्या जागेत घेतला, तर भिंतीवर प्रत्येक दिव्याचा वेगळा ठिपका पडतो आणि एक दिवा झाकला की नेमका त्याचाच ठिपका नाहीसा होतो, हे त्याने दाखवून दिले. म्हणजे किरण छिद्रात एकमेकांना भेटूनही मिसळत नाहीत. ग्रहणाच्या आकारावरील स्वतंत्र प्रबंधात त्याने छिद्र लहान असतानाच कोर स्पष्ट का दिसते, याचा विचार केला. कवडसा ही फटीची आकृती नसून सूर्याची प्रतिमा आहे, हे यातून स्पष्ट होते. सूर्याचा कोनीय व्यास सुमारे अर्धा अंश असल्याने, छतापासून ३ मीटर खाली पडलेला लहान छिद्राचा कवडसा जवळपास २८ मिलिमीटर रुंद भरतो.

योहानेस केप्लरने हाच प्रश्न दोरीने सोडवला. प्रकाशमान वस्तूच्या जागी त्याने उंचावर एक पुस्तक ठेवले, पुस्तक आणि जमीन यांच्यामध्ये अनेक कोनांचे छिद्र असलेला अडसर आणला, आणि पुस्तकाच्या एका कोपऱ्याला बांधलेली दोरी छिद्राच्या कडेकडेने फिरवून तिचे टोक जमिनीवर जसे सरकेल तशी रेघ ओढली. एका कोपऱ्यातून छिद्राचीच आकृती मिळाली. पण सर्व कोपरे आणि कडा यांसाठी हीच कृती केल्यावर छिद्राच्या त्या असंख्य आकृत्यांतून पुस्तकाचा आकार उभा राहिला. किरणांना हाताने चाचपून पाहण्याचा याहून सुंदर प्रयोग प्रकाशशास्त्राच्या इतिहासात विरळाच. १६०४ च्या ज्या ग्रंथात हे विवेचन आले, त्यातच 'कॅमेरा ऑब्स्क्युरा', म्हणजे अंधारी खोली, हा शब्दप्रयोग रुजला. कॅमेरा म्हणजे मुळात खोली; न्यायालयाच्या 'इन कॅमेरा' सुनावणीत तो जुना अर्थ अजून शाबूत आहे.

सोळाव्या शतकाच्या मध्यापासून छिद्रात भिंग बसू लागले, प्रतिमा उजळ झाली आणि उघडे छिद्र मागे पडले. त्याला 'पिनहोल' हे नाव छायाचित्रणात मिळाले ते स्कॉटलंडच्या डेव्हिड ब्रूस्टरच्या १८५६ मधील स्टीरिओस्कोपवरील पुस्तकातून. सर्वत्र भिंग आल्यावरच भिंग नसण्याला नावाची गरज भासली, असे म्हणता येते. मराठीने टाचणीऐवजी सुई स्वीकारली, आणि ते कारागिरीला धरूनच आहे, कारण पातळ पत्र्याला छिद्र पाडून त्याची कड पॉलिशपेपरने घासणारे हात बहुधा शिवणाची सुईच वापरतात.

छिद्र जितके लहान तितकी प्रतिमा रेखीव, हा नियम एका मर्यादेपर्यंतच चालतो, कारण फार अरुंद वाटेतून जाणारा प्रकाश कडेला पसरतो. या पसरण्याला विवर्तन म्हणतात. लॉर्ड रॅली यांनी १८९१ मध्ये या दोहोंचा मेळ गणिताने मांडला. त्या हिशेबाने कागद १०० मिलिमीटर दूर असेल तर छिद्र ०.४५ मिलिमीटरच्या आसपास असावे. एवढ्याशा वाटेने प्रकाश अत्यल्प येतो आणि चित्राला सेकंदांपासून तासांपर्यंत वेळ लागतो. मात्र जवळचे गवत आणि दूरचा डोंगर सारखेच मृदू उमटतात. हे मार्दव म्हणजे दोष नव्हे, असे मानणाऱ्या जॉर्ज डेव्हिसन यांचे कांद्याच्या शेताचे पिनहोलने घेतलेले चित्र १८९० मध्ये लंडनच्या प्रदर्शनात मांडले गेले, आणि छायाचित्राने रेखीवच असले पाहिजे का, हा वाद पेटला.

आजच्या विद्यार्थ्यांपर्यंत हे कूळ पोहोचले ते पत्र्याच्या डब्यांतून. २००० च्या सुमारास रुजलेल्या सोलरग्राफी या तंत्रात कृष्णधवल छपाईचा कागद छिद्राच्या डब्यात घालून महिनोन्महिने बाहेर ठेवतात. उन्हानेच कागद काळवंडतो, रसायनाची गरज राहत नाही. हर्टफर्डशायर विद्यापीठात कलेचे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या रेजिना वॅल्कनबर्ग यांनी २०१२ मध्ये बेफर्डबरी वेधशाळेच्या दुर्बिणीच्या घुमटावर बिअरचा असा एक डबा बसवला. तो विस्मरणात गेला आणि २०२० च्या सप्टेंबरात पुन्हा हाती लागला. आठ वर्षे आणि एक महिना चाललेल्या त्या एकाच चित्रात सूर्याच्या वाटेचे २,९५३ कमानदार माग मोजले गेले, आणि त्यातला प्रत्येक माग म्हणजे दिवसभर कागदावरून सरकत गेलेला एक कवडसा होता.