पैशाआधी गाव : इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमाची वाटचाल

तालुक्याच्या गावी दोन खोल्यांत चालणाऱ्या संस्थेपर्यंत परदेशी सरकारचा कोट्यवधींचा निधी पोहोचतो, तिथून तो गावाच्या बँक खात्यात जातो आणि त्यातून डोंगर हिरवा होतो, हे महाराष्ट्रात घडलेलं आहे. इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाने ते घडवलं. मोठ्या अनुदानासाठी धडपडणाऱ्या प्रत्येक संस्थेने ही वाटचाल समजून घ्यावी, असं मला मनापासून वाटतं.

दुष्काळाची शाळा

या कामाचं मूळ तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले फादर हर्मन बाखर हे जेझुइट धर्मगुरू १९४८ मध्ये भारतात आले आणि पुढे नगरच्या कोरडवाहू गावांत रमले. त्यांच्या पुढाकाराने नगरला ‘सोशल सेंटर’ उभं राहिलं. १९७२ च्या दुष्काळात राज्यभर लाखो हात कामाला लागले, पण त्यातले बरेचसे खडी फोडण्यात आणि रस्त्यांवर खपले. विहिरी खोदल्या, पंप बसवले, तरी डोंगरावरचं पाणी वाहून जात असेल तर विहिरीला पाझर कुठून फुटणार? माथ्यापासून पायथ्यापर्यंत अख्खा पाणलोट एकसंध धरून काम करायचं, हा धडा याच वर्षांनी दिला.

वाट दाखवणारी गावंही होती. राळेगणसिद्धीत अण्णा हजारे यांनी श्रमदान, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदीवर गाव उभं केलं होतं. तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यातल्या आडगावात विजयअण्णा बोराडे आणि मराठवाडा शेती साहाय्य मंडळाने पाणलोटाचं काम करून दाखवलं होतं. पण अशी गावं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. एखादा झपाटलेला माणूस असेल तिथेच हे होणार, की साध्यासुध्या गावांतही होऊ शकेल? फादर बाखर आणि त्यांचे सहकारी क्रिस्पिनो लोबो यांनी हा प्रश्न धसाला लावायचं ठरवलं.

पैशाची दुहेरी वाट

१९८९ च्या सुमारास आकाराला आलेली ही कल्पना १९९२ मध्ये दोन सरकारांमधल्या करारातून प्रत्यक्षात आली. कार्यक्षेत्र होतं फक्त महाराष्ट्र. निधी जर्मनीचा, पण त्याला दोन स्वतंत्र वाटा काढून दिल्या होत्या. प्रत्यक्ष कामांचा मोठा पैसा केएफडब्ल्यू या जर्मन विकास बँकेकडून नाबार्ड या राष्ट्रीय कृषी व ग्रामीण विकास बँकेमार्फत येणार होता. गाव आणि संस्था यांना तयार करण्याचा खर्च जीटीझेड ही जर्मन तांत्रिक सहकार्य संस्था उचलणार होती. ही तयारीची बाजू सांभाळायला १९९३ मध्ये ‘वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट’ ही संस्था नगरमध्ये स्थापन झाली. ‘वॉटर’ हे तिचं सुटसुटीत नाव पुढे रूढ झालं.

या रचनेत मोठं शहाणपण होतं. लहान संस्थेला एकदम मोठी रक्कम दिली तर ती गोंधळते, हिशेबात अडकते, आणि कधी कधी पैशाभोवती गटबाजी माजून कायमची मोडते. म्हणून आधी वर्ष-दीड वर्षाचा क्षमताबांधणीचा टप्पा ठेवला. गावाच्या शिवारातला एक छोटा तुकडा निवडायचा, तिथे संस्थेने आणि ग्रामस्थांनी काम शिकायचं, हिशेब ठेवायला शिकायचं आणि संपूर्ण पाणलोटाचा आराखडा तयार करायचा. या परीक्षेत उतरलेल्या गावालाच नाबार्डकडून पूर्ण अंमलबजावणीचा निधी मिळायचा.

गावालाही आधी आपली तयारी दाखवावी लागे. घरटी चार दिवसांचं श्रमदान, मोकाट चराईवर बंदी आणि झाडं न तोडण्याचा ठराव ग्रामसभेत व्हायचा. भूमिहीनांना आणि एकट्या बाईच्या संसाराला श्रमदानातून सूट होती. ग्रामसभेने निवडलेली पाणलोट समिती आणि संस्था यांचं बँकेत संयुक्त खातं असे. दोघांच्या सह्यांशिवाय पैसा निघत नसे. गावातल्या माणसाला स्वतःच्या गावाच्या समितीचं पासबुक पहिल्यांदाच हाताळायला मिळालं. किती मजूर लागले, किती चर खोदले आणि किती पैसे दिले, हे चारचौघांत वाचून दाखवणं अंगवळणी पडलं.

गटागटावर बसून केलेला आराखडा

या कार्यक्रमाची सर्वात मोलाची देणगी म्हणजे शेतनिहाय नियोजन. आराखडा कचेरीत बसून होत नसे. संस्थेचा तंत्रज्ञ, गावातला प्रशिक्षित तरुण आणि शेतकरी नवरा-बायको असे सगळे त्या त्या गटावर जाऊन उभे राहत. सातबारा हातात असे. उतार मोजला जाई, मातीची खोली पाहिली जाई. या कोपऱ्यातून ओघळ पडलाय, इथे दगडी बांध घालायचा. वरच्या माळावर समतल चर खोदून झाडं लावायची. खालच्या वावरात बांधबंदिस्ती करायची. पलीकडचा मुरमाड तुकडा गवताला सोडायचा. शेतकऱ्याला यातलं काय मान्य आहे, त्याचा वाटा किती, हे तिथेच लिहून सही किंवा अंगठा घेतला जाई. सगळ्या गटांचे हे कागद एकत्र केले की गावाचा आराखडा आणि अंदाजपत्रक तयार होई.

बायको सोबत असण्याला फार अर्थ होता. पाणी कुठून आणायचं, जनावरांना चारा कुठून काढायचा, हे तिलाच रोज सोसावं लागतं. पुढे गावोगावच्या बचत गटांना जोडणाऱ्या संयुक्त महिला समित्या उभ्या राहिल्या आणि पाणलोटाच्या बैठकांत बायका बोलू लागल्या.

दरेवाडी आणि कडवंची

संगमनेर तालुक्यातलं दरेवाडी हे या कार्यक्रमातलं जगभर पोहोचलेलं गाव. १९९६ पर्यंत तिथे शेतीचं काम वर्षाला जेमतेम तीन-चार महिने मिळे. उरलेले महिने लोक पोटासाठी बाहेर पडत. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागे. त्या वर्षी सुरू झालेलं काम २००१ मध्ये पूर्ण झालं.

काम सोपं नव्हतं. चराईबंदीचा ठराव झाला तेव्हा शेळ्या-मेंढ्यांवर जगणाऱ्या धनगर कुटुंबांच्या पोटालाच चिमटा बसत होता. गावातल्या सर्वात गरिबाचं कुरण बंद करून डोंगर हिरवा करायचा, तर त्याला मधल्या वर्षांत खायला काय? हा तिढा बैठकांवर बैठका घेऊनच सोडवावा लागला. डोंगर एकदम बंद न करता टप्प्याटप्प्याने बंद करणं, कामावरची मजुरी, गवत कापून नेण्याची मुभा अशा मार्गांनी तो हळूहळू सैल झाला. पुढे शेतीचं काम नऊ-दहा महिने पुरू लागलं. २००५ च्या जागतिक संसाधन अहवालात या गावाची कहाणी सविस्तर आली.

जालना जिल्ह्यातल्या कडवंचीत मराठवाडा शेती साहाय्य मंडळाने १९९६ पासून याच कार्यक्रमातून काम केलं. पाणलोटाची कामं, मग शेततळी, मग द्राक्षबागा असा तिथल्या शिवाराचा चेहरा पालटला. राज्यभरातून शेतकरी हे गाव पाहायला येऊ लागले. त्याचबरोबर एक सावधगिरीही शिकायला मिळाली. प्लॅस्टिक अंथरलेली शेततळी विहिरीच्या पाण्याने भरायची रीत पडली, की भूजल उपसून उघड्यावर साठवलं जातं आणि जमिनीखालचं सामाईक पाणी एकेकाच्या मालकीचं होतं. पाणी अडवण्याइतकंच ते वाटून वापरणं महत्त्वाचं असल्याचं पुढच्या काळात सर्वांनाच मान्य करावं लागलं.

महाराष्ट्रातून देशात

या अनुभवाचा मोठा सन्मान धोरणाच्या पातळीवर झाला. १९९९-२००० मध्ये नाबार्डमध्ये २०० कोटी रुपयांचा पाणलोट विकास निधी उभा राहिला. त्यात केंद्र सरकार आणि नाबार्ड यांचा वाटा निम्मा-निम्मा होता. आधी क्षमताबांधणी आणि मग पूर्ण अंमलबजावणी, हा महाराष्ट्रात घडलेला साचा त्यातून इतर राज्यांत गेला. परदेशी अनुदानातून सिद्ध झालेली रीत देशाने स्वतःच्या पैशावर पुढे नेली. अनुदानाचं याहून मोठं सार्थक दुसरं नाही.

‘वॉटर’ संस्थाही पुढे वाढत गेली. २००९ मध्ये तिला क्योटो जागतिक जल पुरस्कार मिळाला. त्याच सुमारास नाबार्ड आणि स्विस विकास संस्थेच्या साहाय्याने हवामान बदलाशी जुळवून घेणारी शेती, पाण्याचा ताळेबंद आणि हवामान सल्ला यांवर तिचं काम सुरू झालं. २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या वाळवंटीकरणविरोधी कराराचा ‘लँड फॉर लाइफ’ पुरस्कार तिला लाभला. फादर बाखर २०२१ मध्ये गेले.

आजच्या संस्थांसाठी

आज निधीचा नकाशा बदलला आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. या सीएसआर निधीत महाराष्ट्र देशात सर्वात पुढे आहे. पण कंपनीने आपल्या परिसराला प्राधान्य द्यावं असं कायदाच सांगतो, आणि कारखाने मुंबई-पुण्याच्या पट्ट्यात एकवटलेले आहेत. नंदुरबारच्या किंवा हिंगोलीच्या संस्थेकडे ही गंगा सहजी वळत नाही. त्यात प्राप्तिकर सवलतीची (बारा-ए आणि ऐंशी-जी) नोंदणी, सीएसआर-१ अर्ज आणि किमान तीन वर्षांच्या कामाचा दाखला लागतो. दुसरीकडे, परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीने एका संस्थेने तो पैसा दुसऱ्या संस्थेला देणं पूर्ण बंद केलं आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आणली. मोठ्या संस्थेच्या आधाराने परदेशी निधी मिळवणाऱ्या छोट्या संस्थांची ती वाट बंद झाली.

अशा वेळी या कार्यक्रमाकडून दोन गोष्टी घ्यायला हव्यात. संस्थांनी मोठ्या रकमेमागे धावण्याआधी छोट्या तुकड्यावर चोख काम करावं, वेळेवर लेखापरीक्षण करून घ्यावं आणि हिशेब लोकांसमोर मांडावा. पुढच्या प्रत्येक अर्जाला तेवढा पुरावा पुरतो. देणाऱ्यांवरची जबाबदारी मात्र अधिक मोठी आहे. प्रशिक्षण, हिशेबनीस, गावबैठकांचा वेळ यांवरचा खर्च वायफळ मानून कापला जातो, आणि मग गावाकडे पैसा पेलण्याची ताकद नाही अशी तक्रार होते. ती ताकद घडवण्यासाठी जर्मन सरकारने वेगळा पैसा मोजला, वर्ष-दीड वर्ष धीर धरला, म्हणून पुढच्या कामांना पाया मिळाला. कंपन्यांनी, न्यासांनी आणि राज्य सरकारने मिळून तसा क्षमताबांधणीचा निधी पुन्हा उभा करावा आणि त्याचा पहिला हप्ता मागास जिल्ह्यांना द्यावा. महाराष्ट्राने हे एकदा करून दाखवलेलं असल्याने पुन्हा करणं त्याला अवघड नाही.