सालबर्डीचे खडक आणि भीमसरटांचा संसार

महाशिवरात्रीस मोर्शी तालुक्यांतील सालबर्डीच्या यात्रेला जाणारा वऱ्हाडी माणूस महादेवाची गुहा पाहतो आणि परततो. त्याच परिसरांत लॅमेटा नांवाचे खडक उघडे पडलेले आहेत. तिकडे त्याचें लक्ष सहसा जात नाहीं. अकोला-अमरावतीचें मैदान पूर्णेच्या गाळानें व त्याखालीं काळ्या पाषाणानें झांकलेलें आहे. त्या पाषाणाचा तप्त रस पसरला त्या सुमारास, म्हणजे साडेसहा ते सात कोटी वर्षांमागें, येथें जे प्राणी वावरत होते त्यांचें दप्तर सातपुड्याच्या पायथ्याशींच काय तें वाचावयास मिळतें.

अमरावती विद्यापीठाच्या भूशास्त्रज्ञांनीं २०१३ सालीं येथील एका डायनोसॉरच्या पुढच्या पायाच्या हाडाचें, आणि २०१५ सालीं अंड्यांच्या एका घरट्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. अशीं वाटोळीं अंडीं टायटॅनोसॉर या लांब मानेच्या, अवाढव्य शाकाहारी भीमसरटांचीं मानतात. ते खात काय, हें चंद्रपूर जिल्ह्यांतील पिसदुऱ्यानें सांगितलें. तेथील अश्मीभूत शेणांत २००५ सालीं गवताचे सूक्ष्म अवशेष ओळखूं आले. तोंवर गवत इतकें प्राचीन असेल असें सहसा मानीत नसत!

परंतु एका घरट्यावरून समाज कळत नाहीं. त्यासाठीं नर्मदेच्या खोऱ्यांत जावें लागतें. धार जिल्ह्यांत ९२ घरटीं व २५६ अंडीं आढळल्याचें २०२३ सालीं प्रसिद्ध झालें. घरटीं इतकीं खेटून आहेत, कीं माद्या विणीसाठीं एका जागीं जमत हें उघड दिसतें. पण त्याच दाटीमुळें दुसरीही गोष्ट ठरते. एवढ्या थोरल्या देहाला त्या घरट्यांमधून पाऊल टाकण्यास जागाच नव्हती. तेव्हां अंडीं घालून माता निघून जात असाव्यात, आणि उबविण्याचें काम जमिनीची ऊब करीत असावी. कळपाला वात्सल्याचा पुरावा मानण्याची आपली संवय येथें फसते. गुजरातेंत ढोली डुंगरी येथें अशाच घरट्यांत, नुकत्याच फुटलेल्या अंड्याभोंवतीं वेटोळें घातलेला साडेतीन मीटरांचा सर्प पिलासह दगड होऊन राहिला आहे. त्याचें वर्णन २०१० सालचें. त्या पिलाचा रक्षणकर्ता जवळ कोणी नव्हता.

आतां प्रणयाविषयीं. अमेरिकेंतील कोलोरॅडो प्रांतांत जमिनीवर नखांनीं ओढलेले मोठाले ओरखडे सांपडले. मादीला रिझविण्यासाठीं नरांनीं ते काढले असावेत, असें २०१६ सालीं मांडण्यांत आलें. पण ते मांसाहारी भीमसरटांचे. पक्षी त्याच कुळांतून निघाले. म्हणून पावसाळ्यांत वऱ्हाडच्या गवताळ रानांत उंच उड्या मारणारा तणमोराचा नर पाहतांना त्या ओरखड्यांची आठवण होणें योग्यच आहे. आमच्या सालबर्डीच्या शाकाहाऱ्याला मात्र ती उपमा लागूं पडत नाहीं. कित्येक हत्तींच्या वजनाचा तो देह गवतावरून उड्या मारील, ही कल्पना मला तरी झेपत नाहीं. मान उंचावून वा डोलावून तो आपलें मन प्रकट करीत असेल, असा तर्क करितां येतो. परंतु माना डोलल्याची खूण खडकावर उमटत नाहीं, अंडीं मात्र उरतात.