‘ते’ पिलू, ‘ती’ तलंग, ‘तो’ कोंबडा : एका गृहनिर्णयाचा शब्देतिहास

भोर आणि वेल्हे हे पुणे जिल्ह्यातील सह्याद्रीलगतचे डोंगरी तालुके होत. भोर हे १९४८ पर्यंत पंतसचिवांच्या संस्थानाचे मुख्य ठाणे होते. वेल्हे तालुक्याचे नाव अलीकडे राजगड असे करण्यात आले आहे. भात आणि नाचणी यांवर चालणाऱ्या येथील घरांत परसातील चार-सहा गावठी कोंबड्यांना मोठे मोल असते. अशा घरी पिलांतील नर कोणता व मादी कोणती, हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नसतो. मादी अंड्यांसाठी राखावयाची. नर बाजारात, पाहुण्याच्या पानात, अथवा नवसापोटी राखणदाराकडे जावयाचा. निर्णय चुकला तर घरधनिणीची अंडी बुडतात आणि चूक परत फिरविता येत नाही. हा निर्णय भाषेने कसा नोंदवून ठेवला आहे, हे प्रस्तुत टिपणात पाहावयाचे आहे.

प्रथम संस्कृतातील नामावळी घेऊ. अमरकोशात कुक्कुटाचे जे पर्याय आले आहेत, त्यांत ‘ताम्रचूड’, ‘चरणायुध’ व ‘कृकवाकु’ हे विशेष बोलके आहेत. तांबडा तुरा, पायाचा काटा आणि गळ्यातून निघणारा स्वर ही नराची तीन चिन्हे येथे नामरूप पावली आहेत. परंतु ही सर्व वयात आलेल्या नराची चिन्हे होत. तुरा सहा ते आठ आठवड्यांत नरात अधिक मोठा व लाल होऊ लागतो. आरवणे चार-पाच महिन्यांच्या सुमारास सुरू होते. काटा त्याहूनही उशिरा वाढतो आणि कधीकधी म्हाताऱ्या कोंबडीलाही येतो. तिसऱ्या महिन्याच्या सुमारास पाठीच्या मागील भागावर येणारी लांब, टोकदार, चकचकीत पिसे हीच त्यांतल्या त्यात भरवशाची खूण होय. मादीची तेथील पिसे गोलसर राहतात.

तोपर्यंतच्या अनिश्चित काळासाठी मराठीने निराळी सोय केली आहे. अंड्यातून बाहेर येते ‘ते पिलू’. वाढीस लागल्यावरही ‘ते कोंबडे’ असा नपुंसकलिंगी प्रयोग होतो. खूण पटली की त्याचा ‘तो कोंबडा’ होतो, किंवा अद्याप अंड्यावर न आलेली ‘ती तलंग’ होते. पुढे ती कोंबडी, आणि अंडी घालणे थांबवून उबवणीस बसू पाहणारी झाली की खुडूक. मादीच्या अवस्थांना येथे स्वतंत्र शब्द आहेत, कारण राखावयाची तीच असते. हिंदीने नपुंसकलिंग गमावल्यामुळे तेथे ‘चूज़ा’ आरंभापासूनच व्याकरणाने पुल्लिंगी ठरतो.

येथे एक आक्षेप संभवतो. ‘कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही’ या म्हणीत आरवणारा प्राणी निःसंशय नर असूनही शब्द नपुंसकलिंगी आहे. यावरून इतकेच दिसते की हे लिंग जसे अज्ञानाचे, तसेच अनावश्यकतेचेही द्योतक आहे : लिंग ठाऊक नसेल, किंवा सांगण्याचे प्रयोजन नसेल, तेथे ते योजिले जाते.

निर्णय लवकर व्हावा ही इच्छा मात्र फार जुनी आहे. लांबट, टोकदार अंड्यातून मादी निपजते असे ॲरिस्टॉटलने लिहिले; रोमन कृषिलेखक कोलुमेला याने नेमके उलट सांगितले. वस्तुतः आकाराचा लिंगाशी संबंध नाही. खरा बदल जपानी शास्त्रज्ञांनी घडविला. एका दिवसाच्या पिलाच्या गुदद्वाराच्या आतील सूक्ष्म उंचवट्यावरून लिंग ओळखण्याच्या पद्धतीवर मासुई व हाशिमोतो यांचा इंग्रजी ग्रंथ १९३३ मध्ये निघाला. त्यानंतर अंड्यांच्या व्यवसायात नर पिले पहिल्याच दिवशी वेगळी काढून मारण्याची रीत जगभर पसरली. जर्मनीने १ जानेवारी २०२२ पासून तिला कायद्याने बंदी केली.

तात्पर्य, परसातील पिलाला ‘ते’ म्हणून जे दोन-तीन महिने मिळत, ते उबवणी केंद्रातील पिलाला मिळत नाहीत. व्याकरणातील नपुंसकलिंग हा निव्वळ रूपांचा भेद नसून घरधनिणीने राखून ठेवलेला निकाल आहे, असे म्हणावयास हरकत नाही. भोर-वेल्ह्यातील वृद्ध स्त्रियांच्या तोंडून पिलापासून खुडकापर्यंतचे शब्द, त्यांच्या लिंगासह व वयासह, आपल्या विद्यार्थ्यांनी टिपून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.