कौलाला तिसरी बाजू

कोकणात, गोव्यात देवाला कौल लावतात. मूर्तीवरची पाकळी उजवीकडून पडली तर होकार, डावीकडून पडली तर नकार. 16 जानेवारी 1967 रोजी गोव्याने दिलेला जनमत कौलही असाच दोन बाजूंचा. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पानं म्हणजे केंद्रशासित प्रदेश. पानं 34,021 मतांनी जिंकली. वेगळं राज्य हा पर्याय मतपत्रिकेवर नव्हताच. ते 1987 मध्ये झालं. तिसरं चिन्ह असतं तर माणसं इतकी दुरावली नसती, असं मला मनापासून वाटतं.

सगळेच पर्याय तोलायची युक्ती तर जुनी आहे. सम्राटाच्या निवडीसाठी जर्मन धर्मपंडित निकोलस ऑफ कुसा यांनी ती 1433 मध्ये सुचवली होती. कुणी मनावर घेतली नाही. आज ती ओळखली जाते ज्याँ-शार्ल द बोर्दा यांच्या नावाने. हे फ्रेंच आरमारातले अधिकारी आणि गणिती. 1770 मध्ये त्यांनी ती पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडली.

त्यांचं उदाहरण अजून ताजं वाटतं. मतदार 21, उमेदवार तीन. पहिली पसंती मोजली तर ‘अ’ला 8, ‘ब’ला 7, ‘क’ला 6, म्हणजे ‘अ’ विजयी. पण उरलेल्या 13 जणांनी ‘अ’ला शेवटी टाकलंय! पहिल्या पसंतीला 3, दुसरीला 2, तिसरीला 1 गुण द्या : ‘अ’ 37, ‘ब’ 42, ‘क’ 47. जो सर्वांना चालतो, तो वर येतो.

उत्तर आयर्लंडला याची फार गरज होती. 1973 मध्ये तिथे ‘ब्रिटनमध्ये की आयर्लंडमध्ये’ एवढंच विचारलं गेलं. आयरिश राष्ट्रवाद्यांनी बहिष्कार घातला, ब्रिटनला जवळपास 99 टक्के मतं पडली आणि रक्तपात चालूच राहिला. बोर्दांच्या पद्धतीचे पुरस्कर्ते पीटर इमर्सन आणि सहकाऱ्यांनी 1986 मध्ये बेलफास्टमध्ये दोनशेहून अधिक लोकांना एकत्र बसवलं, त्यांत आयरिश राष्ट्रवादी शिन फेन पक्षाचे होते तसे ब्रिटनमध्येच राहू पाहणारे युनियनवादीही. अनेक पर्यायांना क्रम द्यायचा होता. इमर्सन ज्या नियमाचा आग्रह धरतात, तो असा : एकच पर्याय लिहिणाऱ्याच्या मताला एकच गुण, पहिल्या पसंतीला पुरे गुण हवेत तर बाकीच्यांनाही, विरोधकाच्या पर्यायालासुद्धा, क्रम द्यावा लागतो. त्या दिवशी वर आला तो सत्तेत सर्वांना वाटा देणारा स्वायत्त कारभार आणि बेलफास्ट, डब्लिन, लंडन यांचा त्रिपक्षीय करार. उत्तर आयर्लंडमध्ये शांतता आणणारा गुड फ्रायडे करार व्हायला तेव्हा 12 वर्षं होती.