धुराची चोपडी

व्यापाराचा इतिहास म्हणजे एका परीने चोपड्यांचाच इतिहास होय. कोणी किती माल उचलला, कोणाचे किती देणे राहिले, हे लिहिल्यावाचून पेढी चालत नाही. परंतु गिरण्या आल्या, आगबोटी आल्या, तरी एक जिन्नस दीर्घकाळ कोणाच्याच खाती पडला नाही. तो म्हणजे धूर. भट्टीच्या जड तेलापुरता त्याचा हिशेब आज पाहू.

खनिज तेल शुद्ध करताना पेट्रोल, रॉकेल, डिझेल हे हलके पदार्थ निघून जातात व तळाशी काळा, दाट गाळ उरतो. त्याचेच डांबर होते. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर नांदणाऱ्या अणदूरकरांस ते परके नाही. त्याच गाळात थोडे पातळ तेल मिसळले की फर्नेस ऑइल होते. ते कारखान्यांच्या बॉयलरांत जळते, आणि त्याच जातीचे तेल जहाजांच्या इंजिनांत. तुर्भ्यास स्टॅनव्हॅकचा शुद्धीकरण कारखाना १९५४ साली व बर्मा-शेलचा १९५५ साली सुरू झाला. पुढे १९७४ व १९७६ साली ते सरकारी मालकीचे झाले.

धुराबद्दलची तक्रार याहून जुनी आहे. मुंबईत १९१२ सालीच धुराच्या उपद्रवाविरुद्ध कायदा झाला. त्याचा रोख मात्र डोळ्यांना दिसणाऱ्या धुरावर होता. कर्बवायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, याला ना रंग ना वास. भट्टी नीट पेटली की काजळी थांबते. कर्बवायू थांबत नाही. स्वीडनच्या अऱ्हेनियसने १८९६ सालीच गणित मांडून दाखविले की, हा वायू वाढल्यास पृथ्वी तापेल. १९५८ साली कीलिंगने हवाई बेटांवर त्याची अखंड मोजणी आरंभिली, तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे ३१५ भाग होता. आज तो ४२० च्या वर गेला आहे.

जे दिसत नाही ते मोजावे कसे? चिमणीवर चढण्याची गरज नाही; तेलाची पावती पुरते. जड तेलात वजनाने सुमारे ८५ टक्के कर्ब असतो. कर्बाचे १२ भाग हवेतील प्राणवायूचे ३२ भाग ओढून घेतात व ४४ भाग वायू होतो. म्हणून एक टन तेल जाळले की तीन टनांहून थोडा अधिक कर्बवायू बाहेर पडतो. हिशेब इतका सोपा आहे. तेल विकणाऱ्याची चोपडी आणि जाळणाऱ्याची चोपडी ताडून पाहिली की लबाडीही उघडी पडते.

अवघड आहे ते निराळेच: धूर लिहावा कोणाच्या नावे? १९९२ च्या जागतिक करारान्वये प्रत्येक देशाने आपला हिशेब द्यावा असे ठरले. भारताने १९९४ सालचा पहिला हिशेब २००४ साली सादर केला. पण परदेशी निघालेले जहाज मुंबईत तेल घेऊन भर समुद्रात जाळते, तेव्हा ते तेल कोणत्याच देशाच्या बेरजेत धरत नाहीत; वेगळे टिपून ठेवतात. ५,००० वा अधिक ढोबळ टनभाराच्या जहाजांनी जाळलेल्या तेलाची वार्षिक नोंद द्यावी, हा आंतरराष्ट्रीय नियम २०१९ पासून लागू झाला. जमिनीवर सेबीने शेअरबाजारातील मोठ्या १,००० कंपन्यांना २०२२-२३ पासून अशी माहिती देणे भाग पाडले. लहान कारखान्यांच्या भट्ट्या त्या नियमाबाहेरच राहतात.

आपल्या गावाला याचे मर्म सांगावयास नको. खंडोबा एक, आणि गावे दोन, अणदूर व नळदुर्ग. देव वर्षातून दोन्हीकडे राहतो आणि मानकरी त्याचा लेखी करार करतात. दोन्ही गावांची श्रद्धा निःसंशय, तरीही लिहून ठेवतात! देवाचे जे लिहावे लागते, ते धुराचे विश्वासावर सोडावे काय?

अमुक कारखान्यामुळे अमुक साली पाऊस हुकला, असे कोणासही म्हणता येणार नाही. धूर आकाशात मिसळला की त्याचे नाव पुसले जाते. म्हणूनच तो चिमणीत असतानाच त्यास नाव दिले पाहिजे. ज्याने तेलाचा थेंबही जाळला नाही, त्या कोरडवाहू शेतकऱ्यास तापत्या हवेचा जाब विचारावयाचा झाला, तर त्याच्या हाती दुसरा पुरावा कोणता असणार?