घरासमोरून : शब्द एक की सहा?

एका इंग्रजी अहवालात ‘फ्रॉम इन फ्रंट ऑफ द हाउस’ असे आले होते. मी मराठीत ‘घरासमोरून’ लिहिले. मोबदला मराठी शब्दांवर ठरलेला, त्यामुळे नेमके लिहिल्याबद्दल पाच शब्दांचे पैसे गेले. तक्रार केली तर उत्तर आले, ‘मोजणी संगणकाने केली आहे.’ मोजणारी आज्ञा होती ‘डब्ल्यूसी’. नाव ऐकून हसू येईल, पण ते ‘वर्ड काउंट’चे लघुरूप. टर्मिनलच्या काळ्या पडद्यावर ती फाइलच्या नावासह टंकली की ओळी, शब्द आणि बाइट असे तीन आकडे उमटतात. या आज्ञेला शब्द म्हणजे काय हे कोणी शिकवले, ते मला पाहावेसे वाटले.

माग अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या बेल प्रयोगशाळेत पोचतो. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांच्या युनिक्सची पहिली नियमपुस्तिका ३ नोव्हेंबर १९७१ची. जो ओसाना यांची ही आज्ञा तीत आहे. त्या काळी त्या संगणकावर पेटंट विभागाचे तीन टंकलेखक दिवसभर अर्ज टंकत. मजकुराची मांडणी ‘रॉफ’ हा प्रोग्रॅम करी, आणि टिंबाने सुरू होणारी ओळ ही त्याला दिलेली सूचना असे. म्हणून डब्ल्यूसी तेव्हा शब्द, मजकुराच्या ओळी आणि टिंबाच्या ओळी वेगवेगळ्या मोजत असे. शब्दाची व्याख्या एवढीच : कोरी जागा, टॅब किंवा ओळीचे टोक यांच्यामध्ये सापडलेली अक्षरांची रांग. पाणिनीने पद प्रत्ययावरून ओळखले, ओसानांनी कोऱ्या जागेवरून. इंग्रजी अर्जांना ते पुरेसे होते. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

अडचण आपल्याकडे येते. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये नामाला जोडून लिहितात. हिंदीत ‘घर के सामने से’ लिहिले की चार शब्द भरतात, आपला एकच.

अक्षरांचे तर आणखी गमतीचे. फाइलमध्ये फक्त ‘क्षितिज’ लिहिले, शेवटी एंटर न मारता. उत्तर आले : ओळी शून्य, शब्द एक, बाइट २१. ओळ शून्य, कारण ही आज्ञा ओळ नव्हे, ओळ संपल्याची खूण मोजते. आणि २१ का? युटीएफ-८ या लिपिसंकेतात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. (हा संकेतही थॉम्प्सन यांनीच, रॉब पाइक यांच्यासह, १९९२मध्ये आखला.) बाइटऐवजी चिन्हे मोजायला सांगितली तर सात : क, हलन्ताची खूण, ष, वेलांटी, त, वेलांटी, ज. माझ्या कानाला मात्र क्षि-ति-ज ही तीनच अक्षरे ऐकू येतात.

हे सगळे मी त्या संस्थेला लिहून पाठवले. पुढच्या कामापासून मोबदला मूळ इंग्रजी शब्दांवर ठरला. ‘घरासमोरून’चे पैसे मात्र एकाच शब्दाचे मिळाले.