जुन्या पिकअप ट्रकमधील इंजिन-प्रारंभ व वायरिंग दोष

जुन्या पिकअप ट्रकमधील इंजिन-प्रारंभ व वायरिंग दोष म्हणजे बॅटरी, स्टार्टर मोटार, यांत्रिक पॉइंटची प्रज्वलन यंत्रणा आणि त्यांना जोडणाऱ्या तारा यांत निर्माण होणारे असे बिघाड, ज्यांमुळे इंजिन सुरू होत नाही किंवा सुरू होऊन लगेच बंद पडते. या वाहनांत इलेक्ट्रॉनिक नियंत्रण नसल्याने बहुतेक दोष साध्या व्होल्टमापकाने शोधता येतात. सुटा भाग निकामी झालेला नसून सांधा गंजलेला किंवा अर्थिंग तुटलेले असते, असे अनेकदा आढळते. म्हणून भाग बदलण्यापूर्वी विद्युतदाब मोजणे हे दोषनिदानाचे मूलतत्त्व मानले जाते.

पार्श्वभूमी

बॅटरी, कॉइल व पॉइंट यांवर चालणारी प्रज्वलन पद्धती अमेरिकन अभियंता चार्ल्स केटरिंग यांच्या नावाने ओळखली जाते. त्यांनीच विकसित केलेला विद्युत स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत बसवला गेला. त्यामुळे हँडल मारून इंजिन चालू करण्याची गरज उरली नाही.

फोर्ड कंपनीची एफ-मालिका १९४८ च्या मॉडेलपासून सुरू झाली. अर्धा टन वर्गातील एफ-१ या ट्रकचे नाव १९५३ मध्ये एफ-१०० झाले. १९५५ पर्यंतच्या ट्रकमध्ये ६ व्होल्टची यंत्रणा असून बॅटरीचा धन ध्रुव सांगाड्याला जोडलेला असे. १९५६ पासून १२ व्होल्टची यंत्रणा आली व ऋण ध्रुव सांगाड्याला जोडला जाऊ लागला. हा फरक ध्यानात न घेता बॅटरी उलट जोडणे ही नेहमीची चूक आहे. ध्रुव उलटले की कॉइलची ध्रुवताही उलटते आणि ठिणगी पडण्यास अधिक विद्युतदाब लागतो.

इंजिन न फिरणे किंवा मंद फिरणे

पूर्ण भारित १२ व्होल्ट बॅटरीचा विश्रांतीतील दाब सुमारे १२.६ व्होल्ट, तर ६ व्होल्ट बॅटरीचा सुमारे ६.३ व्होल्ट असतो. दाब योग्य असूनही स्टार्टर मोटार (गॅरेजच्या भाषेत 'सेल्फ') मंद फिरत असेल, तर केबल व सांधे तपासले जातात.

६ व्होल्टच्या यंत्रणेत तेवढ्याच शक्तीसाठी दुप्पट प्रवाह लागतो. समजा, स्टार्टरला २०० अँपिअर प्रवाह लागतो आणि गंजलेल्या सांध्याचा रोध ०.०१ ओहम आहे. तेव्हा त्या सांध्यावर २ व्होल्ट खर्ची पडतात, म्हणजे ६ व्होल्टपैकी एक तृतीयांश दाब वाया जातो. १२ व्होल्टच्या यंत्रणेत प्रवाह १०० अँपिअर होतो आणि त्याच सांध्यावर १ व्होल्ट, म्हणजे केवळ एक द्वादशांश दाब घटतो. यामुळेच ६ व्होल्टच्या ट्रकला १२ व्होल्टसाठी बनवलेल्या बारीक केबल बसवल्यास सेल्फ रडतखडत फिरतो.

सेल्फ मारताना बॅटरीचे टोक व स्टार्टरचे टोक यांमध्ये व्होल्टमापक जोडल्यास हा ऱ्हास थेट दिसतो. १२ व्होल्टच्या यंत्रणेत तो साधारणपणे अर्ध्या व्होल्टपेक्षा कमी असावा.

अर्थिंगचे दोष

इंजिन रबरी आधारांवर बसवलेले असल्याने ते सांगाड्यापासून विद्युतदृष्ट्या अलग पडते. म्हणून दोहोंना जोडणारी अर्थिंगची पट्टी आवश्यक असते. रंगकाम किंवा दुरुस्तीनंतर ही पट्टी पुन्हा जोडायची राहून गेल्यास स्टार्टरचा प्रवाह चोक किंवा ॲक्सिलरेटरच्या धातूच्या तारेतून वाट काढतो आणि ती तार तापते. सांध्याखालील रंग व गंज खरवडून धातू उघडा केल्याशिवाय अर्थिंग पक्के होत नाही.

ठिणगी न पडणे

इंजिन वेगाने फिरूनही सुरू होत नसेल, तर चावी चालू ठेवून पॉइंटवरील दाब मोजतात. पॉइंट उघडे असताना बॅटरीइतका आणि मिटलेले असताना जवळजवळ शून्य दाब दिसला पाहिजे. मिटलेले असतानाही दाब उतरत नसेल, तर पॉइंटवर गंज किंवा तेलाचा थर असण्याची शक्यता असते. दीर्घकाळ उभ्या असलेल्या ट्रकमध्ये हे नेहमी घडते. उघडे असताना दाब शून्य असेल, तर कॉइलपर्यंतची तार तुटलेली, कंडेन्सर शॉर्ट झालेला किंवा डिस्ट्रिब्युटरमधील तारेचे आवरण झिजून ती अर्थ झालेली असू शकते. पॉइंटमधील अंतर इंजिनानुसार बदलते. ते बहुधा ०.३५ ते ०.५ मिलिमीटर असते.

१२ व्होल्टच्या ट्रकमध्ये कॉइलच्या मार्गात रोधक किंवा रोधक तार असते. सेल्फ मारताना तिला वगळून कॉइलला पूर्ण दाब मिळतो. सेल्फ मारताना इंजिन पेटते, पण चावी सोडताच बंद पडते, हे रोधक तुटल्याचे लक्षण होय. उलट, चावी सोडण्याच्या क्षणीच इंजिन पेट घेत असेल, तर वगळमार्गात दोष असतो.

ठिणगी निळसर व जोरदार असेल, तर पुढची तपासणी इंधनपंप व कार्बुरेटरची असते.

जुन्या तारा व सुरक्षितता

या काळातील तारांवर रबर व त्यावर विणलेल्या सुताचे आवरण असे. रबर जुने झाले की कडक होऊन तडकते, आणि तार हलवताच तांबे उघडे पडते. असे आवरण दिसल्यास एखादा तुकडा न जोडता संपूर्ण तारसंच बदलणे इष्ट ठरते. बॅटरीपासून निघणाऱ्या अनेक तारांना फ्यूजचे संरक्षण नसल्याने उघडी तार सांगाड्याला टेकल्यास आग लागू शकते. फ्यूज वारंवार जात असताना अधिक क्षमतेचा फ्यूज बसवल्याने दोष दूर होत नाही. तार मात्र जळते.

काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची अर्थ बाजूची केबल प्रथम काढावी व शेवटी जोडावी. ६ व्होल्टच्या एफ-१ ट्रकमध्ये ही केबल धन ध्रुवाची असते. भारित होणाऱ्या बॅटरीतून ज्वालाग्राही हायड्रोजन वायू बाहेर पडतो, म्हणून बॅटरीजवळ ठिणगी पडू देऊ नये. प्लगची ठिणगी तपासतानाही जवळपास पेट्रोल सांडलेले नसल्याची खात्री करावी लागते.